केराची वाटणी

घर म्हटले की केर आलाच. खेड्यात तो उकिरड्यावर जातो. त्याचे खत होते. शहरात उकिरड्याला जागा कुठली? मग नगरपालिकेने केर टाकावा कुठे?

कोणी म्हणेल, "त्यात काय एवढं! मोठी भट्टी बांधा. सगळा केर जाळा. वर वीजही मिळेल."

ऐकायला बरे वाटते. पण ओले सरपण चुलीत घालून पाहा. जाळ कमी, धूरच फार. आपल्या शहरांतल्या केरात निम्म्याच्या आसपास देठे, साली, खरकटे असते. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली अशी भट्टी बांधली. रोज ३०० टन केर जाळायचे ठरले होते. पण तो नीट पेटेना. थोड्याच दिवसांत भट्टी बंद पडली.

चांगला पेटतो तो कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक. पण त्यावरच तर केर वेचणाऱ्यांची भाकर आहे! पुण्यात या लोकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन केली. त्यांत बायाच जास्त. पुढे २००८ साली त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. हे लोक दारोदार केर गोळा करतात. सुका माल निवडून विकतात. रद्दीचा पुन्हा कागद होतो. पत्र्याचा पुन्हा पत्रा होतो. जाळला तर कागदाची राखच व्हायची.

मग भट्टी नकोच का? तसेही नाही. मळक्या चिंध्या, चिकट वेष्टने कोणी विकत घेत नाही. त्यांना भट्टी उपयोगी पडते. मात्र ती बेताची असावी. फार मोठी बांधली, तर तिचे पोट भरायला विकाऊ मालही आत जाईल. गरिबाची भाकर जळेल. शिवाय भट्टीत ८५० अंशांच्या वर उष्णता हवी, आणि धूर गाळायची सोय हवी. म्हणून परसात प्लॅस्टिक कधी जाळू नये. तो धूर विषारी असतो.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवा. ओले कुजवावे. सुके विकावे. उरेल तेच जाळावे.

ही वाटणी भट्टीपाशी होत नाही, घरात होते. एकदा खरकटे लागले की रद्दीचे मोल गेले. ओला, सुका आणि घातक केर घरातच वेगळा करावा, असा नियम सरकारने २०१६ साली केला. त्या नियमापुरते दोन डबे आणि एक पिशवी, एवढ्यावर काम भागत असे.

सांगा पाहू :
१. दिल्लीची भट्टी का बंद पडली?
२. भट्टी बेताची का असावी?
३. तुमच्या घरच्या केरातले काय कुजेल? काय विकले जाईल?