वारा, ऊन आणि कार्यकारणभाव

चाकण, भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील यंत्रांना लागणाऱ्या विजेत आता ऊन-वाऱ्याचाही वाटा आहे. काही वीज छपरांवरील सौर पटलांतून येते, तर काही राज्याच्या वीजजाळ्यातून. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या याच जाळ्याला वीज पुरवितात. ही वीज बेभरवशाची, असा आक्षेप नेहमी ऐकू येतो. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो.

कोणतीही गोष्ट कारणांवाचून उद्भवत नाही, हे तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादातून शिकविले. वाराही कारणांनीच वाहतो. हवामानाचे गणिती प्रारूप याच पायावर उभे असते. वातावरणाचे चौकोनी खंड पाडून प्रत्येकातील तापमान, दाब, आर्द्रता व वाऱ्याची गती घ्यायची आणि भौतिकशास्त्राच्या नियमांनी पुढील स्थिती काढायची, ही त्याची रीत. लोणावळ्यात मुसळधार पाऊस असताना चाकणला ऊन असू शकते. मोठ्या खंडात हा भेद पुसला जातो. पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली आणि खंडाची बाजू १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली.

एवढी सूक्ष्मता कशासाठी? वाऱ्यातील शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात असते. गती सेकंदाला ८ मीटरवरून ६ मीटर झाली, तर शक्ती सुमारे ४२ टक्केच उरते. शिवाय मागणीइतकी वीज त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. म्हणून राज्य भार प्रेषण केंद्र दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग करून नियोजन करते. वारा पडणार किंवा ढग येणार हे आधी कळले, तर कोयनेची जलविद्युत वेळेवर सज्ज ठेवता येते. न कळल्यास ऐनवेळी महाग वीज घ्यावी लागते किंवा भारनियमन करावे लागते. भारनियमनात लहान कारखान्याची पाळी बुडते, तेव्हा रोजंदारीवरील कामगाराची मजुरीही बुडते.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमसदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे विजेचा विषयही होता. स्वस्त व मुबलक वीज ही औद्योगिक प्रगतीची अट आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती अट ऊन-वाऱ्यातून पुरी करावयाची, तर त्यांची कारणे जाणणे हाच मार्ग होय.

विद्यार्थ्यांनी उद्याच्या वाऱ्याचा व ढगांचा अंदाज रोज वहीत लिहावा, दुसऱ्या दिवशी पडताळावा आणि तो कोठे चुकला ते शोधावे. प्रारूपेही अशीच सुधारत जातात.