पेरूची जेली आणि परीक्षकाची नजर

कृषी प्रदर्शने व महिला मेळावे यांच्या निमित्ताने होणाऱ्या फलपदार्थांच्या स्पर्धांत पेरूच्या जेलीची बरणी बहुधा असतेच. जॅममध्ये गर असल्यामुळे थोडाफार दोष झाकला जातो. जेली मात्र पारदर्शक असावी लागते. बरणी उजेडासमोर धरताच परीक्षकास निम्मे कळून चुकते.

पेक्टिन, आम्ल व साखर यांचा मेळ जमला तरच जेली बसते. फळ अतिपक्व झाले की त्यातील पेक्टिनची घट्ट करण्याची शक्ती घटते. म्हणून पक्व परंतु कडक, किंचित आंबट पेरू घ्यावेत. फोडी बुडतील इतक्याच पाण्यात त्या मऊ होईपर्यंत शिजवून मिश्रण फडक्यात बांधून टांगावे. फडके पिळण्याचा मोह अनेकींना आवरत नाही. वाटीभर रस अधिक मिळतो खरा, पण जेली गढूळ होते आणि बक्षीस तेथेच हुकते.

साखर अंदाजाने घालू नये. थंड केलेल्या चमचाभर रसात तेवढेच स्पिरिट मिसळावे. एकसंध गोळा बनल्यास रसाइतकी साखर चालते. गोळ्याचे तुकडे पडल्यास पाऊणपट, बारीक कणच दिसल्यास निम्मी. हा नमुना चाखू नये, फेकून द्यावा. लिंबाचा रस बेताने घालावा. आम्ल कमी पडल्यास जेली बसत नाही, अधिक झाल्यास तिला पाणी सुटते.

पाककृतीत जेली १०५ अंश सेल्सिअसला उतरवावी, असे लिहिलेले असते. हा आकडा समुद्रकाठचा आहे. सुमारे १,३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. तेथे १०५ अंशांची वाट पाहिली तर जेली चिवट होईल. पाण्याच्या स्थानिक उकळबिंदूहून ५ अंश अधिक, हे माप कोठेही लागू पडते. तापमापक नसल्यास पळीच्या कडेवरून थेंबांऐवजी पदर सुटू लागताच भांडे उतरवावे.

लालभडक रंग मिसळलेली बरणी मांडणीत उठून दिसते आणि नवखा परीक्षक फसतो. प्रामाणिकपणे रस गाळणाऱ्या स्त्रीवर हा अन्यायच होय. संयोजक पंचायतींनी रंगाविषयीचा नियम व गुणांची वाटणी प्रवेशपत्रिकेवरच छापावी. बक्षिसानंतर मागणी येऊ लागते, तेव्हा प्रश्न कायद्याचा होतो. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली विक्रीसाठी नोंदणी लागते, आणि २०११ च्या विनियमांनुसार जेलीत किमान ४५ टक्के फळ व ६५ टक्के विद्राव्य घनांश असावा लागतो. ही माहिती बक्षीस देतानाच विजेतीच्या हाती पडावी.