जीभ गप्प झाली, गोडी नाही



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५९. भावार्थ असा की, निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण त्यांची गोडी आत शिल्लक राहते. परमतत्त्वाचा अनुभव आला की मग तीही मावळते.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं आपण हसत म्हणतो. भाकरी सोडली, पण डोक्यात सकाळपासून साबुदाण्याची खिचडी! अन्न बदललं, गोडी तीच.

आधी चव कळते कशी ते पाहू. जिभेवर बारीक उंचवटे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच उंचवट्यांत रुचिकलिका असतात. एकेका कलिकेत साधारण ५० ते १०० पेशी. त्या गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी ओळखतात. उमामी म्हणजे डाळ-टोमॅटोच्या सारात लागते तशी भरीव चव. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी ती वेगळी ओळखली. गोड म्हणजे ऊर्जा, कडू म्हणजे ‘जपून, विष असेल’. थोडक्यात, जीभ ही शरीराची राखणदार. पण आपण ज्याला चव म्हणतो त्यात मोठा वाटा वासाचा असतो. घास चावताना गंध घशामागून नाकात चढतो.

हे मला कोविडमध्ये कळलं. वास गेला. आईची आमटी नुसती खारट-आंबट पाणी लागायची. वाटलं, चला, आता तरी खाण्याची ओढ सुटेल. कसलं काय! रात्री दोन वाजता फोनवर मिसळीचे व्हिडिओ बघत पडलेलो. चव कळत नव्हती, हाव मात्र जागी होती. तेव्हा हा श्लोक पहिल्यांदा खरंच समजला.

ज्ञानेश्वर माऊली इथे झाडाचा दृष्टांत देतात: वरवर पालवी खुडायची आणि मुळाशी पाणी घालायचं, तर झाड मरेल कसं? आणि लगेच हेही सांगतात की बाकीचे विषय तोडता येतील, पण रस हट्टाने तोडता येत नाही, कारण त्याशिवाय जगणंच होत नाही. किती प्रामाणिक आहे हे! म्हणजे जिभेशी भांडून उपयोग नाही. आतल्या गोडीला तिच्याहून गोड काहीतरी भेटायला हवं.

दीड महिन्याने एका सकाळी हिंग-कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला आणि डोळे भरून आले. आणि खरं सांगू? महिन्याभरात मी पुन्हा फोन बघत जेवू लागलो. आई विचारायची, “आमटी कशी झालीय?” मला आठवायचंच नाही.

म्हणून आजचा छोटा नेम: नैवेद्याचा स्वयंपाक आपण आधी चाखत नाही, पहिला मान देवाचा. तसा आज जेवताना पहिला घास नाम घेऊन, फोन बाजूला ठेवून, सावकाश चावून खा. आणि ज्याने केलंय त्याला कसं झालंय ते सांगा.

रामकृष्ण हरी!