कागदाचे पान आणि पडद्याचे पान

मासिक हाती आले की आपण त्यातील एखादे पान उघडतो. वाचनास आरंभ करण्यापूर्वीच आपली दृष्टी त्या पानावरून एकवार फिरून येते. शीर्षक कोणते, लेख कोठे सुरू होतो, चित्र कशासंबंधी आहे, कोणता मजकूर मुख्य आणि कोणता आनुषंगिक, हे सारे त्या दृष्टिक्षेपात आपल्याला उमगते. ते आपोआप उमगते असे आपणांस वाटते; परंतु त्यामागे कोणीतरी पुष्कळ विचार केलेला असतो. लेखक शब्द लिहितो. ते शब्द वाचकाने कोणत्या क्रमाने आणि किती सुखाने वाचावेत, हे पानाची मांडणी ठरवीत असते.

आज संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर आपण जी संकेतस्थळे पाहतो, त्यांनाही अशीच पाने असतात. ही पाने रचणाऱ्याने मुद्रित मासिकांपासून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ हे पत्र सुरू केले. ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. त्यासाठी पानाचे दोन उभे स्तंभ करून एकात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर छापण्याची योजना करण्यात आली. वाचकाने पान उघडावे आणि आपल्या भाषेच्या स्तंभावरून सरळ खाली यावे, इतकी ती सोपी होती. पुढे १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी ‘नॉये ग्राफिक’ नावाचे नियतकालिक निघाले. त्याच्या चार संपादकांपैकी योसेफ म्युलर-ब्रोकमन हे एक होते. त्यात जर्मन, इंग्रजी व फ्रेंच अशा तीन भाषांतील मजकूर द्यावयाचा असल्याने, समान रुंदीच्या चार स्तंभांवर प्रत्येक पान बेतले जाई. मुंबईचे पत्र आणि झुरिकचे नियतकालिक यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तथापि गरज सारखी होती, म्हणून उपायही सारखाच सुचला.

अशा उभ्याआडव्या, न दिसणाऱ्या रेषांच्या आखणीला ‘जाळी’ असे म्हणतात. ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण प्रथम ठिपके मांडतो. रांगोळी पूर्ण झाल्यावर ठिपक्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण ते चुकले असते, तर सारी आकृती वाकडी झाली असती. पानावरील जाळीचेही तसेच आहे. चित्राची कड मजकुराच्या कडेशी जुळते, शीर्षके एका रेषेत येतात आणि वाचकाच्या मनात गोंधळ उडत नाही.

मासिकांकडून शिकण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे रिकाम्या जागेचे मोल. अमेरिकेतील ‘हार्पर्स बझार’ या मासिकाची मांडणी १९३४ ते १९५८ या काळात अलेक्सी ब्रोडोविच या कलावंताने सांभाळली. समोरासमोरच्या दोन पानांना तो एकच चित्रफलक मानी आणि मजकुराभोवती मोकळी पांढरी जागा राखी. ती जागा वाया गेली असे कोणी म्हणेल. परंतु भाषणात वक्ता जसा योग्य ठिकाणी क्षणभर थांबतो, तसेच काम ती जागा करते. जेथे सारेच ठळक असते, तेथे काहीच ठळक राहत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या दिवाळी अंकांतून घेता येईल. ‘मासिक मनोरंजन’चे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंक म्हणजे कथा, कविता, लेख आणि चित्रे यांचे भरलेले ताटच होय. असा जाडजूड अंक हाती आला, की वाचक प्रथम अनुक्रमणिका पाहतो. संकेतस्थळाच्या पहिल्या पानाने मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका अशी दोन्ही कामे करावयाची असतात. मासिकाच्या प्रत्येक पानावर मासिकाचे नाव आणि पृष्ठांक असतो, हेही ध्यानात घ्या. संकेतस्थळाचा वाचक पुष्कळदा पहिल्या पानाने न येता शोध घेत घेत एकदम मधल्याच पानावर उतरतो. आपण कोठे आहोत, हे त्याला तेथेच समजले पाहिजे.

आता पडद्याच्या पानाचा इतिहास थोडक्यात पाहू. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करीत असता पहिले संकेतस्थळ तयार केले व १९९१ मध्ये ते सर्वांस खुले झाले. त्यात मजकूर सलग वरून खाली येई. स्तंभ पाडण्याची सोय नव्हती. मासिकासारखी पाने हवीशी वाटू लागली, तेव्हा रचनाकारांनी आकडेवारीच्या तक्त्यांचा आधार घेतला आणि तक्त्याच्या घरांत लेख व चित्रे बसविली. पान देखणे दिसू लागले खरे. परंतु ज्यांना दृष्टी नाही व जे यंत्राच्या वाणीतून मजकूर ऐकतात, त्यांच्या कानी तो पुष्कळदा भलत्याच क्रमाने पडू लागला. डिसेंबर १९९६ मध्ये ‘सीएसएस’ ही मांडणीची स्वतंत्र भाषा प्रमाण म्हणून मान्य झाली आणि २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत खरीखुरी जाळी आखण्याची सोय आली. आता मजकूर योग्य क्रमाने लिहून त्याचे रूप निराळे ठरविता येते.

मात्र मासिकाचे पान जसेच्या तसे उचलून पडद्यावर ठेवणे शहाणपणाचे नाही. कागदाची लांबी-रुंदी छापण्यापूर्वीच ठरलेली असते. पडद्याची मात्र रचनाकाराला ठाऊक नसते. एकाजवळ मोठा संगणक असतो, तर दुसऱ्याजवळ तळहाताएवढा मोबाइल. समजा, आपण मोबाइलवर लांबलचक लेख दोन स्तंभांत मांडला. वाचक पहिला स्तंभ वाचीत पार खाली जाईल आणि दुसऱ्यासाठी त्याला पुन्हा वर यावे लागेल. शिवाय अक्षरे बारीक होतील ती निराळीच. म्हणून पान पडद्यानुसार बदलणारे असावे, हा विचार जॉन ऑलसॉप यांनी २००० मध्ये मांडला आणि इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये त्याची रीत दाखवून दिली. रुंद पडद्यावरचे तीन स्तंभ अरुंद पडद्यावर एकाखाली एक येतात. पाणी जसे भांड्याचा आकार घेते, तसेच हे होय.

परदेशी मासिकांचे अनुकरण करताना आपल्या लिपीचे भानही ठेविले पाहिजे. रोमन लिपीत मोठ्या अक्षरांची शीर्षके सुटी सुटी मांडता येतात. देवनागरी शब्द तसा ताणला, तर त्याची शिरोरेषा तुटते. लेखारंभीचे अक्षर मोठे करावयाचे, तर ‘स्त्री’ या शब्दातील नुसता ‘स्’ मोठा करून चालणार नाही. ते जोडाक्षर वेलांटीसह अखंडच घ्यावे लागेल. आपल्या लिपीत मात्रा, वेलांट्या व रफार वर, तर उकार खाली येतात. म्हणून दोन ओळींतील अंतरही अधिक सैल हवे.

हे सारे क्षुल्लक आहे, असे कोणी समजू नये. एखाद्या गावातील मुलगी वडिलांच्या मोबाइलवर शिष्यवृत्तीची माहिती शोधीत आहे, अशी कल्पना करा. पानावर भपकेदार चित्रे आहेत. ती उतरण्यास वेळ लागतो आणि अर्जाची अंतिम तारीख तळाशी बारीक अक्षरांत दडलेली आहे. ती तारीख तिच्या नजरेस पडली नाही, तर तिचे वर्ष वाया जाऊ शकते. माहिती दिली होती, हे उत्तर तेथे पुरेसे नाही. ती सापडेल अशी दिली होती काय, हा खरा प्रश्न आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, शाळेचे हस्तलिखित असो, भित्तिपत्रक असो वा संकेतस्थळ असो, रेषा ओढण्यापूर्वी मनाशी विचारा : हे कोण वाचणार? त्याला प्रथम काय हवे? ते त्याला विनासायास मिळेल काय? वाचकाविषयीचा हा आदर जुन्या मासिकांच्या उत्तम पानांत आढळतो. त्यांचे स्तंभ आणि चौकटी प्रसंगी सोडाव्या लागतील. हा आदर मात्र सोडू नये.

अभ्यास

१. ‘दर्पण’ व ‘नॉये ग्राफिक’ यांच्या मांडणीत कोणते साम्य होते? ते कशामुळे आले?
२. कारणे द्या : (अ) तक्त्यांच्या साहाय्याने केलेली मांडणी अंध व्यक्तींना गैरसोयीची ठरली. (आ) देवनागरी शीर्षकातील अक्षरे सुटी मांडू नयेत.
३. रांगोळीच्या दृष्टान्तातून लेखकाने काय स्पष्ट केले आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : आनुषंगिक, विनासायास, क्षुल्लक, दृष्टिक्षेप.
५. उपक्रम : एखाद्या मासिकाचे एक पान निवडा. त्याच्या स्तंभांच्या व चित्रांच्या कडा पेन्सिलीने कोऱ्या कागदावर आखा. तेच पान मोबाइलच्या पडद्यावर कोणत्या क्रमाने यावे, याचे दुसरे रेखाटन करा.