स्पॅनिश स्पॅनिशच्याच वाटेने शिकव

चि. सोनूस,


टेक्सासच्या द्विभाषिक शाळेत तुला पहिलीचा वर्ग मिळाला, हे वाचून आनंद झाला. अर्धी मुलं स्पॅनिश घरातली, अर्धी इंग्रजी घरातली. बालवाडीत नव्वद टक्के शिकवणं स्पॅनिशमध्ये आणि मग दरवर्षी इंग्रजी वाढवत निम्म्यावर आणायची, अशी तुमच्या शाळेची रीत आहे. म्हणजे वाचनाचा पाया तुझ्याच हाती. याच कामात माझे केस पिकले, म्हणून न विचारता चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, इंग्रजी वाचनाचे तक्ते आणून त्यांवर स्पॅनिश शब्द चिकटवू नकोस. स्पॅनिशमध्ये स्वर पाच आणि त्यांचे उच्चार ठरलेले. आधी ते पक्के कर, मग एम, पी, एस, एल घेऊन मा-मे-मी-मो-मू अशी शब्दावयवांची घोकंपट्टी सुरू कर. बाराखडी गिरवलेल्या तुला हे वेगळं सांगायला नको. लगेच ‘मेसा’ (टेबल), ‘सोपा’ (सूप) असे शब्द मुलं स्वतः जुळवू लागतात. अक्षरांची नावं जरा मागे ठेव, कारण ‘एमे’ आणि ‘आ’ म्हणून ‘मा’ होत नाही. इंग्रजीतल्यासारख्या पाठ करायच्या शब्दांच्या लांबलचक याद्याही इथे फारशा लागत नाहीत.

वाचन सोपं असलं तरी लेखन तितकं सोपं नाही. बी आणि व्ही यांचा उच्चार एकच, एच मुका, आणि लॅटिन अमेरिकेतल्या बोलीत एस व झेड यांतही फरक नाही. त्यासाठी श्रुतलेखनासारखं साधन नाही. दोन-तीन वाक्यांचा एकच उतारा आठवडाभर घे. मुलांनी एक ओळ सोडून लिहावं, मग फळ्यावरचं पाहून रंगीत पेन्सिलीने आपलं आपणच तपासावं. आघाताची खूणही यातच शिकव. ‘पापा’ म्हणजे बटाटा, पण शेवटच्या स्वरावर ती तिरपी रेघ आली की तोच शब्द ‘बाबा’ होतो. हे एकदा हसत कळलं की मुलं रेघ विसरत नाहीत.

आता एक सावधगिरी. वर्षाच्या शेवटी बरीच मुलं धडाधड वाचतील आणि बघणारे खूश होतील. तू मात्र पुस्तक मिटून विचार की काय झालं गोष्टीत? इंग्रजी घरातलं मूल अर्थ न कळताही अस्खलित वाचू शकतं. म्हणून वाचण्याआधी भरपूर बोलून घे. कोडी, म्हणी, जिभेला पीळ पाडणारी वाक्यं, बडबडगीतं रोज हवीत. भाषांतरित पुस्तकांत यमक आणि ठेका बहुधा हरवतो, तेव्हा मुळात स्पॅनिशमध्ये घडलेलं साहित्य शोध. आल्मा फ्लोर आदा आणि इसाबेल काम्पॉय यांनी पारंपरिक बालगीतं निवडून केलेलं ‘पीओ पीप’ वर्गात असू दे.

दोन भाषांची सरमिसळ पाहून घाबरू नकोस. ‘हुगार’ (खेळणे) हा शब्द जे अक्षराने लिहितात. इंग्रजी घरातलं मूल तो एचने लिहील. त्याने आवाज बरोबर ऐकलाय, फक्त इंग्रजीचा नियम इथे लावलाय. अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की एका भाषेत कमावलेली समज दुसरीत कामी येते. मात्र तो पूल जाणून बांधावा लागतो. एखादा विषय स्पॅनिशमध्ये पुरा झाला की दोन्ही भाषांतले सारखे शब्द शेजारी मांड, ‘नासिओन’च्या बाजूला ‘नेशन’. पण दर वाक्याचं भाषांतर करत बसलीस, तर मुलं स्पॅनिश ऐकणंच सोडतील.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संशोधक ग्वादालूपे वाल्देस यांनी १९९७ मध्ये इशारा दिला होता की अशा शाळांचा फायदा इंग्रजी घरातल्या मुलांना जास्त आणि स्पॅनिश घरातल्यांना कमी, असं होऊ शकतं. आपल्या वर्गात ते होऊ देऊ नकोस. स्पॅनिश घरातली मुलं म्हणजे इतरांच्या सरावाची साधनं नव्हेत. त्यांनाही नवे शब्द, अवघड पुस्तकं, वरच्या पातळीचं लेखन मिळायला हवं. त्यांच्या घरच्यांची भीतीही समजून घे. टेक्सासमध्ये १९१८ च्या कायद्याने शाळेत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणं गुन्हा ठरवलं होतं, आणि ते बंधन १९६९ मध्ये उठलं. स्पॅनिश बोलल्याबद्दल शाळेत शिक्षा भोगलेले आजी-आजोबा आजही आहेत. त्यामुळे एखादी आई ‘आधी इंग्रजीच शिकवा’ म्हणाली, तर तिच्यावर चिडू नकोस. तिला वर्गात बोलव, तिच्या गावची गोष्ट मुलांना सांगू दे. तिला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल.

तिसरीपासून राज्याच्या परीक्षा सुरू होतात आणि सगळ्यांची नजर इंग्रजीकडे वळते. तोवर स्पॅनिशचा तास कुणी मागितला तरी देऊ नकोस. इंग्रजीला सांभाळायला सगळं गाव आहे. स्पॅनिशला त्या वर्गात तूच आहेस.

तुझी,
मावशी