पाठ १२ : पायकॉनमधले स्वयंसेवक

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तुमच्यापैकी काही जण शाळेत शिकत असतील. नाव ऐकून अजगर डोळ्यांसमोर येतो, पण हे नाव सापावरून पडलेलं नाही. ग्विदो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरने ही भाषा तयार केली आणि १९९१ मध्ये ती पहिल्यांदा लोकांच्या हाती दिली. त्यांना ‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ हा ब्रिटिश विनोदी कार्यक्रम आवडायचा, म्हणून ‘पायथन’.

ही भाषा कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. ती कोणीही फुकट वापरू शकतं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून तिच्यात सुधारणा करतात. त्यातले बरेच जण एकमेकांना फक्त ईमेलमधून ओळखतात. मग वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटावंसं वाटणारच! त्या भेटीचं नाव पायकॉन. अमेरिकेतली पहिली पायकॉन २००३ मध्ये वॉशिंग्टन डीसीला भरली, तेव्हा दोनशेच्या आसपास लोक आले होते. २०१९ मध्ये क्लीव्हलँडला तीन हजारांहून जास्त लोक होते. भारतातली पहिली पायकॉन २००९ मध्ये बंगळुरूला झाली. आता तर कितीतरी देशांत पायकॉन भरते.

तीन हजार म्हणजे किती, हे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला गेलेल्यांना सांगायला नको. एवढ्या लोकांना बिल्ले द्यायचे, वाट दाखवायची, भाषणं वेळेवर सुरू करायची आणि वेळेवर थांबवायची. हे सगळं कोण करतं? पगारी माणसं थोडी असतात. बाकी बरंचसं काम स्वयंसेवक करतात. मी त्यांच्यातलाच एक. पोर्टलंड, क्लीव्हलँड, सॉल्ट लेक सिटी, पिट्सबर्ग असा पायकॉनच्या मागे मागे फिरतो आहे.

आमच्या मराठी शाळेत गॅदरिंग असायचं. त्यात ‘स्वयंसेवक’ असं लिहिलेला बिल्ला बाई ठरावीक मुलांनाच द्यायच्या. बिल्ला मिळाला की मुलगा दिवसभर छाती पुढे काढून फिरायचा. पायकॉनमध्ये तुम्हाला कोणी निवडत नाही. कामांची यादी असते. त्यात रिकामी जागा बघायची आणि आपलं नाव घालायचं. बस्स.

एक गोष्ट ऐकून माझी आई चकित झाली होती. या परिषदेचं तिकीट स्वयंसेवकही काढतात आणि भाषण देणारेसुद्धा काढतात. “काम पण करायचं आणि वर पैसे पण द्यायचे?” असं तिने फोनवर दोनदा विचारलं. मी म्हटलं, “आई, गणपतीच्या मंडळात काय करतात? वर्गणी देतात तेच मांडवही घालतात ना?” तिला ते लगेच पटलं. ज्यांना तिकिटाचा किंवा प्रवासाचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मदतनिधी असतो. ज्यांना जमतं ते पैसे भरतात, म्हणून इतरांना मदत करता येते. मला ही पद्धत आवडते. सगळ्यांनाच आवडते असं नाही. महिनाभर खपून भाषण तयार करायचं आणि वर तिकीटही काढायचं, हे काहींना बरोबर वाटत नाही. त्यांचं म्हणणंही अगदीच चूक नाही.

आता कामाकडे येऊ. सगळ्यात मजेचं काम म्हणजे पिशव्या भरणं. लांबच लांब टेबलं मांडलेली असतात. एका टेबलावर स्टिकर, पुढच्यावर पेन, त्यापुढे कागद. उघडी पिशवी घेऊन चालत राहायचं आणि प्रत्येक टेबलावरची एक एक वस्तू आत टाकायची. या कामाला डोकं लागत नाही, म्हणून गप्पा छान होतात. रांगेत तुमच्या पुढे कोणी कॉलेजातली मुलगी असेल, नाहीतर तुम्ही रोज वापरता तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस असेल. पिशवी हातात असली की दोघं सारखेच!

माझं आवडतं काम मात्र वेगळं आहे. ते आहे भाषणाच्या खोलीतलं. एक स्वयंसेवक वक्त्याला तयारीच्या खोलीतून सभागृहापर्यंत घेऊन जातो. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायची वायर आहे ना, पाणी आहे ना, हे तो बघतो. चालता चालता थोडं इकडचं तिकडचं बोलतो, कारण पहिल्यांदा भाषण देणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो. दुसरा स्वयंसेवक वक्त्याची ओळख करून देतो. मग तो पहिल्या रांगेत बसतो आणि किती मिनिटं उरली हे वक्त्याला पाट्या दाखवून सांगतो.

ही ओळख करून देणं सोपं वाटतं ना? दोन वाक्यं तर बोलायची असतात. पण त्यात वक्त्याचं नाव असतं, आणि खरं काम तिथेच आहे.

तुमच्यातल्या ऋतुजा, ज्ञानेश, मृण्मयी यांना मी काय म्हणतो ते कळलं असेल. आडनाव काळे असेल तर ‘काले’ ऐकायची तुमच्या कानांना सवय झाली असेल. शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना शिक्षक मध्येच थांबतात. तेव्हा पुढचं नाव आपलंच आहे, हे तुम्हाला आधीच कळतं. काही मुलं मग पटकन म्हणतात, “इट्स ओके, कॉल मी आर. जे.”

आता विचार करा. एक माणूस हजारो मैलांवरून आला आहे. घरी आरशासमोर उभं राहून त्याने भाषणाचा सराव केला आहे. समोर चारशे माणसं बसली आहेत. अशा वेळी त्याच्या कानावर पहिला शब्द पडतो तो त्याचं स्वतःचं नाव, आणि तेच चुकीचं! म्हणून मंचावर जाण्याआधी वक्त्याला शांतपणे विचारायचं, “तुमचं नाव कसं उच्चारायचं?” त्याने सांगितलं की त्याच्यासमोर म्हणून दाखवायचं. बरोबर येईपर्यंत पुन्हा म्हणायचं. यात लाजायचं काही नाही. आजवर एकही वक्ता या प्रश्नाला रागावलेला मी पाहिला नाही. उलट बऱ्याच जणांचा चेहरा खुलतो.

मग मी ते नाव चिठ्ठीवर देवनागरीत लिहून घेतो. इंग्रजी स्पेलिंग बघून घोटाळा होतो. पोलिश भाषेत डब्ल्यूचा उच्चार ‘व्ह’ होतो आणि आडवी रेघ मारलेल्या एलचा उच्चार इंग्रजी डब्ल्यूसारखा होतो. देवनागरीत जसं ऐकलं तसं लिहिता येतं. सगळे आवाज पकडता येतात असं नाही. व्हिएतनामी नावांतले चढउतार आपल्या लिपीत बसत नाहीत. पण बहुतेक वेळा काम भागतं. ग्विदो व्हान रॉसम यांचंच उदाहरण घ्या. डच भाषेत त्यांच्या नावातला पहिला आवाज आपल्या ‘ख’च्या जवळचा आहे! अमेरिकेत सगळे ‘ग्विदो’ म्हणतात आणि ते त्यांनी चालवून घेतलं आहे. चालवून घ्यायचं की नाही, हे मात्र ज्याचं नाव आहे त्याने ठरवायचं. आपण नाही.

पायकॉनमध्ये बहुतेक भाषणं इंग्रजीत होतात. २०१८ पासून मात्र ‘चार्लास’ नावाचा स्पॅनिश भाषणांचा वेगळा विभाग सुरू झाला. स्पॅनिशमध्ये चार्ला म्हणजे गप्पा किंवा भाषण. तोही स्वयंसेवकांनीच उभा केला. त्या खोलीच्या दारापाशी मी काही वेळा उभा राहिलो आहे. आतला हशा मला कळत नाही, तरी ऐकायला बरं वाटतं. मराठीचा असा विभाग अजून नाही. तो करायला किती माणसं लागतील, याचा हिशोब मी अधूनमधून मनात करत असतो.

भाषणं संपली की लोक घोळक्याने बोलत उभे राहतात. नवीन माणूस बाजूला एकटाच फोन बघत उभा असतो. यावर एरिक होल्शर नावाच्या प्रोग्रॅमरने एक साधा नियम सांगितला आहे. त्याला ‘पॅकमॅन नियम’ म्हणतात. पॅकमॅन या खेळातला तो पिवळा गोळा आठवा. त्याचं तोंड उघडं असतं. घोळक्याने तसंच उभं राहायचं, म्हणजे एका माणसापुरती जागा मोकळी सोडायची. कोणी येऊन ती जागा भरली की सगळ्यांनी थोडं सरकायचं आणि पुन्हा एक जागा करायची. मराठी मंडळाच्या दिवाळीत जेवणाच्या वेळी हे करून बघा.

२०२० मध्ये कोविडमुळे पिट्सबर्गची पायकॉन प्रत्यक्ष भरलीच नाही. ती आणि २०२१ची पायकॉन ऑनलाइन झाली. भाषणं छान होती, पण वाट दाखवायला कोणी नव्हतं आणि पिशव्याही नव्हत्या. २०२२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला सगळे तोंडावर मास्क लावून भेटले. अर्धे चेहरे झाकलेले, त्यामुळे माणसं आधी बिल्ल्यावरचं नाव वाचायची आणि मग ओरडायची, “अरे, तू!”

शब्दार्थ
स्वयंसेवक – पैसे न घेता, आपणहून काम करणारा
वक्ता – भाषण देणारा
वर्गणी – सगळ्यांच्या कामासाठी प्रत्येकाने दिलेले पैसे
मांडव – कार्यक्रमासाठी तात्पुरतं घातलेलं छप्पर
घोळका – एकत्र उभी असलेली माणसं
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे
खपणे – खूप मेहनत करणे

स्वाध्याय
१. लेखकाच्या आईला कशाचं आश्चर्य वाटलं? तिला नंतर ते का पटलं?
२. भाषण देणाऱ्यानेही तिकीट काढावं का? तुमचं मत पाच वाक्यांत लिहा.
३. तुमच्या मराठी शाळेत कोणती कामं स्वयंसेवक करतात? ताईंना किंवा दादांना विचारून लिहा.
४. वर्गातल्या अशा एका मित्राला किंवा मैत्रिणीला, ज्यांच्या घरी इंग्रजी किंवा मराठी बोलत नाहीत, त्यांचं नाव कसं उच्चारायचं ते विचारा. ते देवनागरीत लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. बरोबर आलं का?