खारबांध, वीज आणि ग्रामपंचायत

समुद्रकाठच्या शेतकऱ्यास हवामानाचा फेरा हा विषय नवा नाही. त्याची चर्चा तेवढी नवी आहे. पेण, अलिबाग, मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन ह्या तालुक्यांतील खाडीलगतचा प्रत्येक खारबांध हा मुळात हवामानाचाच बंदोबस्त होय. तो यापुढे कोणी चालवावयाचा, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते त्याचे पुढारपण ग्रामपंचायतीने पत्करले पाहिजे. ते कसे साधेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

खारबांधाची रचना वाचकांस ठाऊक आहेच. तथापि तरुण सभासदांसाठी थोडक्यात सांगतो. बाहेरचा मातीचा बांध भरतीचे पाणी अडवितो, आणि त्यातील उघाडी पावसाचे पाणी बाहेर सोडते. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते व ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. चार महिन्यांच्या पावसाने जमिनीतील क्षार धुऊन जातो आणि भात येते. हे सारे एका झडपेवर व काही हात उंचीच्या मातीवर अवलंबून आहे. खेकड्याच्या एका बिळातून झिरपा लागतो, झिरप्याची वाट होते, आणि पुढल्या उधाणात खांड पडते.

पूर्वी कोलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले) शिलोत्रीची वहिवाट होती. शिलोत्रदाराने बाहेरचा बांध राखावा व त्याबद्दल शेतकऱ्यांकडून धान्यरूपाने हक्क घ्यावा, असा तो व्यवहार. त्यात जुलूम नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण बांध कोणाचा, हे ठरलेले होते. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला व १९७९ साली महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा कायदा केला. सरकारी योजनेतील बांध खात्याकडे गेले, खाजगी योजनांचे बांध शेतकऱ्यांकडेच राहिले. ह्या वाटणीत पुष्कळ ठिकाणी खांड पडली म्हणजे प्रथम अर्ज जातो आणि माती मागाहून येते. हॉलंडात तेराव्या शतकापासून बांध राखण्यासाठी स्वतंत्र जलमंडळे आहेत. त्यांस निवडणूक आहे व कर बसविण्याचा हक्कही आहे. आपल्याकडे त्या जागी उभी राहू शकेल अशी संस्था ग्रामपंचायतच होय.

विलंबाची किंमत काय पडते तेही पाहावे. खांड एक हंगाम तशीच राहिली तर शेत खारवते. भुरा राता, काळा राता ह्या जुन्या जाती किंवा पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ ह्या जाती काही अंशी तग धरतात; पण नित्य भरती येणाऱ्या शेतात त्याही टिकत नाहीत. आणखी काही वर्षे गेली म्हणजे भरतीबरोबर तिवरांचे बी येऊन रुजते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम हुकूम देऊन व २०१८ साली अंतिम निकालाने तिवरांस संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच आहे. बांधाच्या बाहेरचे तिवर लाटेचा जोर मोडते, तेव्हा ते शेतकऱ्याचे मित्र होय. पण बांधाच्या आत शेतातच तिवर वाढले, तर सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर वन, अशी अवस्था होते व ते शेत परत मिळविणे अतिशय कठीण जाते. म्हणून पहिल्या खांडीकडे लक्ष देणे हेच स्वस्त पडते.

त्यातच समुद्रही चढत आहे. २००६ ते २०१८ ह्या काळात जगाच्या समुद्राची पातळी सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटर वाढली, असे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाचे अनुमान आहे. हा वेग कायम धरला तरी २५ वर्षांत सुमारे साडेतीन इंच होतात. ज्या बांधाची माथापट्टी उधाणाच्या रेषेहून वीतभरच उंच आहे, त्याला हे साडेतीन इंच थोडे नव्हेत.

आता अधिकाराविषयी. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिच्याबरोबर आलेल्या अकराव्या परिशिष्टातील २९ विषयांत शेती, जमीनसुधारणा, मृदसंधारण, सामाजिक वनीकरण आणि अपारंपरिक ऊर्जाही आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या काळासाठी दिलेल्या अनुदानात ६० टक्के पाणी व स्वच्छता यांस बांधलेले होते व ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करण्यास मोकळे होते. राज्य सरकारने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू करून पंचमहाभूतांच्या नावाने स्थानिक संस्थांच्या कामास गुण देण्याची पद्धत घातली. अशा चढाओढीत भिंती रंगविण्याचे व शपथा घेण्याचे काम सर्वांत आधी पुरे होते, हे खरे. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध केला; पण तिच्याजवळ इंजिनिअर आहेत. गावास निदान एक वही ठेवता येईल. तीत प्रत्येक बांधाची लांबी, उघाड्यांची संख्या, बांध सरकारी की खाजगी, आणि मागील दुरुस्तीचे साल लिहावे. ही वही ग्रामसभेपुढे ठेवून, खात्याची लागेल ती परवानगी उन्हाळ्यापूर्वीच मागावी. खांड भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी ते दशमीच्या सुमारास, बांधावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात टाकलेली माती खाडीच नेते. माणसे जमणार नाहीत, ही सबब आम्हांस पटत नाही. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून कुळांनी खोतीविरुद्ध जमिनी ओस ठेवून अनेक वर्षे संप टिकविला, तो ह्याच टापूत.

विजेचा विषय वेगळा दिसतो, पण पैसा एकाच पेटीतला आहे. समजा, गावात रस्त्यावर १०० दिवे आहेत व चोकसुद्धा प्रत्येकास ५० वॅट लागतात. रोज ११ तास धरता ५५ युनिट होतात. २० वॅटचे एलईडी दिवे लावल्यास २२ युनिट पुरतात, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १२,००० युनिट वाचतात. ही बचत उघाडीच्या झडपा बदलण्याकडे वळवावी, असे आम्ही सुचवितो.

सौर विजेबाबत मात्र एक सावधगिरी अवश्य आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धनकडील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब पडले आणि अनेक गावांचे दिवे व नळ पुष्कळ दिवस बंद राहिले. छपरावरील साधी सौर यंत्रणा विजेच्या तारांस जोडलेली असते. बाहेरची वीज गेली की, तारेवर काम करणाऱ्यास धक्का बसू नये म्हणून ती स्वतःच बंद पडते. म्हणजे ज्या आठवड्यात तिची खरी गरज, त्याच आठवड्यात ऊन असूनही ती निरुपयोगी ठरते. यासाठी पाणीपुरवठ्याचा पंप, आरोग्य उपकेंद्र व ग्रामपंचायतीची कचेरी ह्या तीन ठिकाणी तरी बॅटरीसह यंत्रणा बसवावी. सांगाडा जस्त चढविलेल्या लोखंडाचा असावा व त्याचे बोल्ट काँक्रीटमध्ये पक्के असावेत. खाऱ्या वाऱ्याने सांधे गंजतात, म्हणून मृगापूर्वी दर वर्षी ते तपासून घ्यावेत आणि त्याच फेरीत उघाडीच्या झडपाही पाहून घ्याव्यात.